खोटा गळ, खरा हात

फराळाला आलेले आमचे एक स्नेही माझ्या हातातली गळाची काठी पाहून हसले. म्हणाले, "मास्तर, या वयात खोटे मासे?"

काठी 'सेगा' कंपनीच्या ड्रीमकास्ट या खेळयंत्राची. हे यंत्र जपानात १९९८ साली विक्रीस आले आणि २००१ मध्ये त्याचे उत्पादनही थांबले. काठीला ना दोरी, ना आकडा; नुसती मूठ, रीळ आणि बटणे. तरी 'सेगा बास फिशिंग' लावून ती झटकावी, तो पडद्यावर आमिष दूर पाण्यात पडते. मासा लागला की मूठ थरथरते. हावरेपणाने रीळ फिरवीत सुटावे, तर ताण वाढून दोरी तुटते. मासा ओढ घेईल तेव्हा हात आवरावाच लागतो.

खरे मासे हवेत त्याने नदीवर जरूर जावे. पण भातुकली मांडलेल्या पोरीला "खरा भात कुठे आहे?" असे विचारणारा पाहुणा शहाणा ठरत नाही. बुद्धिबळातला हत्ती तरी कुठे झुलतो? खेळाचा खरेपणा सामानात नसतो, खेळणाऱ्याच्या मनात असतो.

वर्गात मी 'संयम' हा शब्द फळ्यावर लिहितो. मुले तो वहीत उतरवतात आणि तिथेच ठेवतात. स्नेह्यांच्या हाती मी काठी दिली. तीनदा दोरी तुटली. चौथ्यांदा त्यांचा हात आपोआप थांबला. चहा केव्हाच निवला होता.

आता त्यांनीच सांगावे, यात खोटे काय होते?