अपरिग्रह आठवतो तो फक्त बाईच्या कार्डापुढेच का?



आपल्याकडे एखाद्या घरातलं कर्ज बुडालं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "बँकेशी सेटलमेंट केली, सुटलो बाबा!" आणि दुसरं, "आता बायकांनी कार्डबिर्ड घेऊ नये, आपला धर्म अपरिग्रहाचा." मला ही दोन्ही वाक्यं मान्य नाहीत.

आधी सेटलमेंटचं बघू. समजा, देणं दोन लाखांचं होतं आणि बँकेने सव्वा लाखावर तडजोड केली. वसुलीचे फोन थांबतात हे खरं. पण सिबिलच्या अहवालात त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' येत नाही, 'सेटल्ड' येतं, आणि ते वर्षानुवर्षं राहतं. दुकानाच्या कर्जावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही असेल, तर तीच नोंद तुमच्या नावावरही लागते. मग तुम्ही त्या दुकानाची पायरी कधी चढलेल्या नसलात तरी! उद्या लेकीच्या शैक्षणिक कर्जाला आई म्हणून सही करायला गेलात, की बँक हीच नोंद काढून बघणार.

ज्यांना देणं खरोखर शक्य नव्हतं, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण हातात पैसा परत आल्यावरही "बँकेचं बुडालं, आपलं काय गेलं" म्हणणाऱ्यांना विचारते, की अचौर्य अणुव्रत फक्त तराजूच्या काट्यापुरतंच आहे का? बँकेशी बोलून उरलेली रक्कम भरता येते. ती भरा, नो ड्यूजचं पत्र लेखी घ्या आणि नोंद 'क्लोज्ड' करून मागा.

आता अपरिग्रह. सर्वस्वाचा त्याग हे मुनींचं महाव्रत. आपल्या श्रावक-श्राविकांसाठी सांगितलं आहे ते परिग्रह-परिमाण, म्हणजे आपली मर्यादा आपणच आखून घ्यायची आणि ती पाळायची. लॉकरमध्ये सोनं वाढतं, लग्नात मांडवावर लाखो खर्च होतात, तेव्हा हे व्रत कुणाला आठवत नाही. बाईने स्वतःच्या नावाचं कार्ड मागितलं की लगेच आठवतं!

बिघडलेली पत नुसत्या कर्ज न घेण्याने सुधारत नाही. वेळेवर फेडल्याच्या नव्या नोंदी दिसाव्या लागतात. नेहमीचं कार्ड नाकारलं जात असेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड मागा. दहा-वीस हजारांची एफडी तारण ठेवली की अनेक बँका तेवढ्याच किंवा थोड्या कमी मर्यादेचं कार्ड देतात. त्यावर महिन्याचं वीजबिल आणि थोडा किराणा, एवढंच ठेवा. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहा. आणि बिल पूर्ण भरा, 'किमान रक्कम' नव्हे. महिना साडेतीन टक्के व्याज धरलं, तर वीस हजारांच्या थकबाकीवर महिन्याला ७०० रुपये व्याजातच जातात, वर जीएसटी वेगळा. किमान रक्कम म्हणून हजार भरले, तर मुद्दल जेमतेम हलतं. आपण सूर्य मावळायची वाट न बघता आधीच पानावरून उठतो ना? तसंच बिल शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी भरून मोकळं व्हा.

"पैसे द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्यांना दारात उभं करू नका. खरी नोंद कुणी पुसू शकत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. सिबिलकडे किंवा बँकेकडे तक्रार केल्यावर ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आपण प्रतिक्रमणात दिवसभराचे दोष एकेक करून आठवतो. मग स्वतःच्या नावावर कुठलं कर्ज आहे, हे बघायला का घाबरायचं? संपूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. या आठवड्यात तो काढा, आणि त्यात तुमच्या सहीचं, पण तुम्हाला माहीतच नसलेलं कर्ज दिसलं, तर घरात मोठ्याने विचारा. यापुढे कुठल्याही कागदावर सही करताना आधी विचारायचं, "रक्कम किती, आणि फेडणार कोण?" उत्तर मिळेपर्यंत पेन खाली.