पहिल्या कामाचा मोबदला

जुनी इंदूर भागातील एका भगिनीचे पत्र या महिन्यात आमच्यापुढे आहे. ती साड्यांच्या एका दुकानात हिशेब लिहिते. छायाचित्रणाचा तिला नाद आहे आणि हात चांगला आहे, हे दुकानाच्या मालकांच्याही ध्यानात आले. दूरगावच्या गिऱ्हाइकांना फोनवर दाखविण्यासाठी चाळीस महेश्वरी साड्यांची छायाचित्रे काढून देण्यास त्यांनी तिला सांगितले, आणि वर म्हणाले, "पैशांचे तूच सांग, तू काय परकी आहेस?" वडिलांच्या मते ज्याचे मीठ खातो त्याच्याकडे वेगळे पैसे मागणे शोभत नाही. आईच्या मते फुकटच्या कामाला किंमत राहत नाही. किती मागावे, आणि मागितल्याने नोकरीला धक्का तर बसणार नाही ना, हे दोन प्रश्न तिने आम्हांस केले आहेत.

"तूच सांग" या दोन शब्दांनी आपल्याकडील कितीएक मंडळींची जीभ टाळूला चिकटली आहे! होळकरांच्या दौलतीत दप्तरी चाकरीस आलेल्या घराण्यांत पगार दुसऱ्याने ठरवावा व आपण तो मोजून घ्यावा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सराफ्यातील मुलगा लहानपणापासून भाव ऐकत वाढतो. आपला मुलगा भाव बोलणे हे ओशाळवाणे समजत वाढतो. मालक लबाड आहेत असे आम्हांस मुळीच वाटत नाही. त्यांना खरोखरच आकडा ठाऊक नसावा. तो मांडून दाखविणे हे म्हणूनच तिचे काम आहे.

आकडा सांगण्यापूर्वी काम किती हे ठरले पाहिजे. 'चाळीस साड्या' म्हणजे चाळीस छायाचित्रे नव्हेत. महेश्वरीचे सारे मोल तिच्या काठात व पदरात. गिऱ्हाइकाला संपूर्ण घडी, पदर आणि जवळून काठ अशी तीन छायाचित्रे तरी लागतील; म्हणजे एकशे वीस झाली. शिवाय रंगाचा प्रश्न निराळाच. दुकानातल्या दिव्यांखाली जांभळा निळा दिसतो, आणि छायाचित्रात निळी दिसलेली साडी जांभळी निघाली की ती परत येते. साडीशेजारी पांढरा कागद ठेवून एक चित्र घ्यावयाचे, तो कागद पांढरा दिसेपर्यंत संगणकावर रंग सुधारावयाचा, आणि सर्व साड्या एकाच प्रकाशात घ्यावयाच्या. यात वेळ जातो, आणि पाहणाऱ्याला तो दिसत नाही.

आता हिशेब. तिचा पगार १८,००० रुपये. सव्वीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला सुमारे ८७ रुपये पडले. पण हा दर जसाच्या तसा घेऊ नये. पगारात सुट्टी, आजारपण, दुकानाची वीज, बसावयाची जागा हे सारे मालक सोसतात. आपले काम आपण करावयाचे तर ते सारे आपल्या माथी येते, कॅमेऱ्याची झीजही. म्हणून तासाला १५० रुपये आम्हांस रास्त वाटतात. एका साडीला इस्त्री, मांडणी व चित्रे मिळून वीस मिनिटे धरली तर चाळिसांना सुमारे तेरा तास. एका चित्रावर संगणकावर चार मिनिटे, म्हणजे आठ तास. बोलणे, मांडामांड व आवराआवर तीन तास. एकूण चोवीस तासांचे ३,६०० रुपये. दिव्यांचे दोन दिवसांचे भाडे व कागद-कापड १,४०० धरले की ५,००० झाले. पुन्हा काढावे लागेल त्यासाठी पाचवा हिस्सा वर ठेवावा. ६,००० होतात, म्हणजे साडीमागे दीडशे. शहरातील दोन स्टुडिओंत दर विचारून हा आकडा ताडून पाहावा. वाचकांनी आपापल्या गावाप्रमाणे रकमा बदलाव्या. रीत तीच राहील.

वडिलांच्या शंकेला उत्तर मात्र आकड्यात नाही. ते इंदुरातच घडलेल्या एका गोष्टीत आहे. लाला दीनदयाळ हे १८६६ मध्ये येथील सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक म्हणून लागले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा व मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांचा त्यांना आश्रय मिळाला. नोकरी चालू असतानाच छायाचित्रणाचा धंदा उभा राहिला. सर लेपेल ग्रिफिन यांचे मध्य हिंदुस्थानातील स्मारकांवरील पुस्तक १८८६ मध्ये निघाले, त्यातील चित्रे दीनदयाळांची. नोकरी त्यांनी सोडली ती १८८७ च्या सुमारास, दीर्घ रजा घेऊन धंद्याचा अंदाज आल्यावर. पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. चाकरी निराळी व कला निराळी, असे दोन हिशेब एका माणसाला ठेवता येतात, हे या शहराने दीडशे वर्षांमागे पाहिले आहे. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हही जपल्या गेल्या. अडीच हजारांहून अधिक काचांचा संग्रह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतला.

काचांचा उल्लेख सहज केलेला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले तर, उलट करार नसल्यास, त्याचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामातही, उलट करार नसल्यास, मालकी मालकाचीच. म्हणजे न बोलता काम केले तर दोन्ही वाटांनी चित्रे दुकानाची! काढणाराचे नाव सांगण्याचा हक्क ५७ व्या कलमाने राहतो खरा, पण तेवढ्याने पोट भरत नाही. उद्या तीच चित्रे एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याला दिली गेली तर तिला बोलावयास जागा नाही. म्हणून साध्या कागदावर चार ओळी लिहून दोघांनी सह्या कराव्या: चित्रे या दुकानाच्या विक्रीसाठी, दुसऱ्यास द्यावयाची तर आधी विचारावे व रक्कम वेगळी, आणि आपल्या नमुन्यांत ती दाखविण्याची तिला मुभा.

बोलणे दुकानातील गर्दीच्या वेळी काढू नये. हिशेबाचा कागद पुढे ठेवून म्हणावे, "सेठजी, आपण मलाच विचारलेत म्हणून मांडून आणले आहे. हे काम रविवारी करीन, खात्याचे काम अडणार नाही." निम्मी रक्कम आधी घ्यावी. पैसे पगारात मिळवून न घेता वेगळ्या पावतीवर घ्यावे. नाहीतर वर्षअखेरीस तीच रक्कम पगारवाढ म्हणून मोजली जाते. त्यांनी रक्कम जड आहे म्हटले तर दर पाडू नये, काम कमी करावे: वीस साड्या घ्याव्या, किंवा दिवे व कागद-कापड दुकानाने आणावे म्हणजे १,४०० वजा होतील. कामाच्या वेळातच काढ म्हणाले तर तेवढे तास सोडून उरलेल्यांचेच मागावे. ते न्यायाचे होईल.

आणि साड्या घरी आणू नयेत. चहाचा एक डाग पडला तर सहा हजारांतून काय उरेल? छायाचित्रे दुकानातच काढावी, आणि प्रत्येक साडी घेताना व परत देताना वहीत टिपावी. हिशेबनिसाला हे आम्ही काय सांगावे!