मोसम कुणाच्या सोयीचा?

खेळाचे वेळापत्रक ही निव्वळ कारभाराची बाब आहे, तिच्यात स्त्री-पुरुष भेद कुठला, असे मला बैठकांतून ऐकवले जाते. नळाला पाणी किती वाजता येते यावरून मोर्चे काढलेल्या बायकांना तरी हे पटू नये!

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचेच पाहा. ऑगस्टअखेर ते डिसेंबर एवढ्या काळात सगळा मोसम कोंबायचा, आठवड्याला दोन-दोन सामने, शरीराला उसंत नाही, अभ्यासाचे हाल. म्हणून मोसम दोन्ही सत्रांत विभागा, अशी मागणी तिथले प्रशिक्षक बरीच वर्षे करत आले. मागणी रास्तच. पण प्रस्ताव मांडला गेला तो केवळ पुरुषांच्या मोसमाचा. मुलींचे गुडघे काय लोखंडाचे असतात?

‘बायकांनी कुठे मागितलेय?’ हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे. बरे, नसेल मागितले. पण पुरुषांचे अधिकृत सामने वसंतात आले, की त्याच काळात सराव करणाऱ्या मुलींना मैदान कधी मिळणार? पंच, प्रशिक्षक, दुखापती पाहणारी माणसे आधी कुणाची? हे आधी लेखी ठरले पाहिजे, आणि ठरवताना खेळाडू मुली समोर बसलेल्या असल्या पाहिजेत.

माझी शंका हवेतली नाही. शिक्षणातल्या लिंगभेदाला बंदी घालणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२चा. तरीही न्यूयॉर्क राज्यातल्या ममॅरोनेक आणि पेलम इथल्या शाळांत मुलगे शरद ऋतूत फुटबॉल खेळत आणि मुली वसंतात. राज्य अजिंक्यपद स्पर्धा मात्र शरदाच्या शेवटी! म्हणजे मुलींनी कितीही जिंकावे, त्या स्पर्धेचे दार बंदच. मैदाने कमी, पंच कमी, अशी कारणे शाळांनी दिली. टंचाई असते तेव्हा झळ मुलींनीच का सोसायची? २००४ साली अपील न्यायालयाने हा भेदभाव ठरवला, आणि हवे तर मुलगे-मुलींनी शरद आळीपाळीने वाटून घ्यावा, असेही सुचवले. इतका सोपा तोडगा खटल्यावाचून सुचू नये!

मिशिगनमध्ये तर मुलींच्या बास्केटबॉलसह अनेक खेळ गैरसोयीच्या मोसमात ढकललेले होते. पालकांनी १९९८ साली दावा लावला. मुलींचे बास्केटबॉल हिवाळ्यात, म्हणजे देशभर ते खेळले जाते त्या मोसमात, आले २००७ साली. दावा लागला तेव्हा मैदानावर असलेल्या मुली तोवर शाळा संपवून कधीच निघून गेल्या होत्या.