पावित्र्य आणि आपण

पावित्र्य म्हटले की आम्हां विद्यार्थ्यांना उपास, प्रार्थना, पांढरी वस्त्रे एवढेच आठवते. पंडिता रमाबाई १८९६ च्या दुष्काळात पुण्याहून आमच्या मध्यप्रांतात आल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना सोबत घेऊन गेल्या. पुढे केडगावला त्यांच्यासाठी ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. रमाबाईंचे स्वतःचे आईबाप दुष्काळातच गेले होते. ते दुःख कुरवाळीत बसणे किती सोपे होते! त्यांचे धर्मांतर अनेकांना रुचले नाही. तो वाद विद्वानांनी घालावा. ख्रिस्तावरील त्यांची भक्ती भुकेल्या पोरींच्या ताटापर्यंत पोहोचली, मला तेच पावित्र्य वाटते.

आणि आपण? ‘माझे मार्क, माझी नोकरी’! घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. सुट्टीत शेजारची पोरे गणिते घेऊन येतात. “मला वेळ नाही,” असे सांगून मी त्यांना परत पाठवतो.