लढणारीच्या श्रमाचे मोल

अंबाजोगाईची योगेश्वरी ही युद्धदेवता आहे. दंतासुराच्या वधासाठी ती येथे आली, परळीच्या वैजनाथाशी ठरलेल्या लग्नाचा मुहूर्त टळला आणि ती कुमारिकाच राहिली, असे परंपरा सांगते. मार्गशीर्षातील तिच्या उत्सवाला दूरदूरहून भाविक येतात. शस्त्र धारण करणाऱ्या, लग्नावाचून राहिलेल्या या देवीपुढे माथा टेकताना कोणाचाही धर्म बुडत नाही. मात्र याच बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली उरल्याचे आढळले. महाराष्ट्रातील तो सर्वांत खालचा आकडा होता. देवी लढली तर तिचा उत्सव करावा आणि मुलगी जन्मली तर घरावर अवकळा आल्यासारखे वागावे, ही विसंगती आम्हांला इतकी सवयीची झाली आहे की ती विसंगती आहे हेच आम्ही विसरलो आहोत. म्हणूनच एखादी हाडामांसाची स्त्री खरोखर आखाड्यात उतरून लढते, तेव्हा समाज तिच्याशी कसा वागतो हे तपासून पाहणे उद्बोधक ठरते.

८ जून २०२४ रोजी अमेरिकेतील लुईव्हिल शहरात पूजा तोमर या भारतीय तरुणीने ब्राझीलच्या रायान दोस सांतोस हिच्यावर विजय मिळविला. खेळ होता मिश्र युद्धकलेचा: मुष्टियुद्ध, कुस्ती, ज्यूदो आणि लाथांचे प्रहार यांचा एकाच जाळीबंद आखाड्यात मेळ घालणारा. या खेळातील जगातील सर्वांत बलाढ्य कंपनी यूएफसी. तिच्या आखाड्यात जिंकणारी पूजा ही पहिली भारतीय स्त्री होय. उत्तर प्रदेशातील बुढाना हे तिचे गाव. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले आणि आईने तीन मुलींना वाढविले. या विजयाचे वृत्तपत्रांनी स्वागत केले. त्या आनंदात आम्हीही मनापासून सहभागी आहोत. पुढच्याच लढतीत, मार्च २०२५ मध्ये लंडन येथे, तिला हार पत्करावी लागली, तेव्हा मथळे पुष्कळच लहान झाले होते.

आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला टाळ्यांचा आवाज ओसरल्यावर दोन साधे प्रश्न पडतात. लढतीतून जी मिळकत निर्माण होते, तिच्यातील किती वाटा लढणाऱ्या व्यक्तीच्या पदरात पडतो? आणि अंगातील बळ ओसरल्यावर तिच्या भाकरीची जबाबदारी कोण घेतो? या प्रश्नांचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याआधी सत्तर वर्षे मागे, मुंबई राज्यात जावे लागेल.

हमीदा बानू हे नाव आज कुस्तीच्या जाणकारांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. मिर्झापूरची ही मुलगी अलीगढला सलाम पहलवान यांच्या तालमीत तयार झाली आणि पुरुष मल्लांशी कुस्त्या करू लागली. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. फेब्रुवारी १९५४ मध्ये तिने जाहीर केले की, जो मला चितपट करील त्याच्याशी मी लग्न करीन. मे महिन्यात बडोद्याला बाबा पहलवान तिच्यासमोर उभे राहिले आणि एक मिनिट चौतीस सेकंदांत कुस्ती निकाली निघाली, जिंकली हमीदाच. त्याच वर्षी मुंबईत तिने वेरा चिस्तिलिन या परदेशी स्त्री-मल्लाला मिनिटाच्या आत आसमान दाखविले. तिचा खुराक, तिची झोप, तिचा व्यायाम या सर्वांची वर्णने त्या काळच्या वृत्तपत्रांत चवीने छापली जात होती.

परंतु मर्दानी परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या आपल्या महाराष्ट्राने तिचे स्वागत कसे केले? पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. दुसऱ्या एका प्रसंगी पुरुष मल्लाला हरविल्याबद्दल प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडविली, दगडही फेकले. तिच्या कुस्त्यांवर बंदी आली तेव्हा तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. ती स्त्री आहे म्हणून नव्हे, तर आयोजक तिच्यासमोर नकली मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून बंदी घातली, असा खुलासा तिला मिळाला.

हा खुलासा बारकाईने वाचण्यासारखा आहे. तिच्या काही कुस्त्या ठरवून केलेल्या होत्या, हा संशय अगदीच निराधार होता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तिकीटविक्रीवर चालणाऱ्या तमाशात असे प्रकार पुरुषांच्या कुस्त्यांतही घडत आले आहेत. पण लबाडी आयोजकाची असेल तर शिक्षा आयोजकाला व्हावयास हवी. येथे झाले ते असे की आयोजक दुसरे मैदान, दुसरे मल्ल शोधावयास मोकळे राहिले आणि पोट गेले ते जिच्या अंगावर सगळा खेळ उभा होता तिचे. गिरणीत भेसळीचा माल निघाला म्हणून मालकाला सोडून कामगाराची मजुरी बंद करावी, तसाच हा न्याय होता.

पुढची कहाणी अधिक दुःखद आहे. हमीदा युरोपात जाऊन लढणार अशी घोषणा झाली होती. ती गेली नाही आणि कुस्तीच्या मैदानातूनही नाहीशी झाली. तिने परदेशी जाऊ नये म्हणून सलाम पहलवान यांनी तिला जबर मारहाण केली, तिचे हात मोडले, असे तिच्या नातवाने पुढे सांगितले आहे. उतारवय तिने कल्याणला काढले. दूध विकून गुजराण केली. हात अगदीच आखडला तेव्हा घरी केलेले खाद्यपदार्थ रस्त्याच्या कडेला विकले. १९८६ मध्ये तिचे निधन झाले. ४ मे २०२४ रोजी गूगल या अमेरिकन कंपनीने आपल्या मुखपृष्ठावर तिचे चित्र झळकविले, तेव्हा कुठे देशाला तिची आठवण झाली. वस्ताद, आयोजक, संघटना आणि शासन या चौघांनीही आपापल्या परीने तिच्या शरीरावर हक्क सांगितला होता. तिच्या म्हातारपणावर हक्क सांगावयास मात्र एकही पुढे आला नाही.

आता काळ बदलला, असे कोणी म्हणेल. बदलला आहे, हे आम्ही मान्य करतो. १९९३ साली सुरू झालेल्या यूएफसीने २०१३ मध्ये प्रथमच स्त्रियांची लढत लावली. बीजिंग ऑलिंपिकमधील ज्यूदोची कांस्यपदक विजेती रोंडा राउझी ही त्या लढतीतील विजेती ठरली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत स्त्रिया येथे कधीच लढणार नाहीत असे सांगणारे कंपनीचे चालक तिच्या नावावर तिकिटे विकू लागले. स्त्रीला दार उघडले ते समतेच्या तत्त्वाने नव्हे. गल्ल्याने ते उघडले. दार उघडले हे चांगलेच झाले, पण आत गेल्यावर हिशेब कसा मांडला जातो?

२००१ साली सुमारे वीस लाख डॉलरना घेतलेली ही कंपनी २०१६ साली सुमारे चारशे कोटी डॉलरना विकली गेली. पंधरा वर्षांत मूल्य दोन हजार पटींनी वाढले. ही वाढ ज्यांच्या फुटलेल्या नाकांवर आणि निखळलेल्या खांद्यांवर झाली, ते लढवय्ये कंपनीचे नोकर नाहीत. कागदोपत्री ते ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहेत. त्यांना दरमहा पगार नाही, लढतीमागे मोबदला आहे. अमेरिकेतील बास्केटबॉलपटूंना, त्यांची संघटना भक्कम असल्यामुळे, उत्पन्नाचा जवळजवळ अर्धा भाग मिळतो. यूएफसीच्या लढवय्यांचा वाटा सुमारे एक पंचमांशाच्या घरात असल्याचे न्यायालयात आलेल्या कागदपत्रांवरून दिसून आले. कंपनीने बाजारपेठेवरील मक्तेदारीचा वापर करून मोबदला दाबून ठेवला, असा दावा काही लढवय्यांनी २०१४ मध्ये दाखल केला. दहा वर्षांच्या झगड्यानंतर साडेसदतीस कोटी डॉलरची तडजोड झाली आणि २०२५ मध्ये न्यायालयाने तिला अंतिम मान्यता दिली. संघटित न झालेल्या श्रमिकांनी न्यायालयात जाऊन मिळविलेला हा विजय आहे आणि तो उशिराचा विजय आहे.

बीड जिल्ह्यातील वाचकाला या व्यवस्थेत अनोळखी असे काय आहे? ऊसतोडणीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम उचल देतो आणि मग हंगामभर टनावर हिशेब चालतो. काम थांबले की मिळकत थांबते, उलट खाडा भरावा लागतो. पाळी आली, ताप आला, गर्भारपण आले, तरी फड थांबत नाही. राज्य शासनाने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांच्या गर्भाशयाची पिशवी काढून टाकल्याचे आढळले. झगमगत्या आखाड्यातील लढवय्यी आणि फडातील कोयतेवाली यांच्यात प्रसिद्धीचे अंतर आकाशपाताळाएवढे आहे. परंतु दोघींच्याही शरीराची झीज ही उत्पादनाचा खर्च म्हणून कोणाच्याच वहीत मांडली जात नाही. ती झीज त्यांनी आपली आपण सोसावी, असे गृहीत धरले जाते.

आमच्याच चळवळीतील काही साथी म्हणतील, की रक्त काढून करमणूक करणारा असला भांडवली तमाशा समाजवाद्यांनी उचलून धरावाच कशाला? या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. माणसाने माणसाला ठोसे मारावेत आणि त्यावर जाहिराती विकल्या जाव्यात, हे दृश्य आम्हांलाही सुखावत नाही. तथापि, काम आवडत नाही म्हणून कामगाराकडे पाठ फिरविण्याची मुभा आम्हांला नाही. पुण्याच्या विरोधकांनीही सभ्यतेचेच नाव घेतले असणार. त्यातून हमीदेच्या वाट्याला सभ्यता आली नाही, बेकारी आली. डॉ. राममनोहर लोहिया यांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला स्थान दिले आणि सावित्रीपेक्षा द्रौपदीला आदर्श मानले. प्रश्न विचारणारी, प्रतिकार करणारी स्त्री त्यांना हवी होती. तिच्या प्रतिकाराचे मैदान कोणते असावे हे तिच्या वतीने आपण ठरवू लागलो, तर आपल्यात आणि जुन्या वस्तादांत फरक तो काय राहील?

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर पुरुषांची ‘महाराष्ट्र केसरी’ १९६१ मध्ये सुरू झाली. स्त्रियांची पहिली स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीला झाली आणि प्रतीक्षा बागडी तिची मानकरी ठरली. बासष्ट वर्षांनी का होईना, मान मिळाला. पण त्याच २०२३ साली देशासाठी पदके आणणाऱ्या स्त्री-मल्लांना लैंगिक छळाच्या तक्रारीची दखल घेतली जावी म्हणून दिल्लीत जंतरमंतरच्या रस्त्यावर बसावे लागले आणि २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना फरपटत नेले. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडासंस्था आणि मैदाने यांनाही कामाचे ठिकाण मानतो. कायद्याने खेळाडू स्त्रीला श्रमिक म्हणून अर्धे-अधिक ओळखले आहे. उरलेली ओळख पटवून देणे हे चळवळीचे काम आहे.

त्यासाठी मागण्या साध्या आहेत. तालुक्याच्या गावी मुलींसाठी मॅट आणि स्त्री-प्रशिक्षक असावी. लढतीचा करार लेखी आणि मुलीला समजेल अशा भाषेत असावा. दुखापतीचा विमा आयोजकाने भरावा. तिकिटे व प्रक्षेपण यांच्या उत्पन्नातील वाटा आधी ठरलेला असावा. प्रत्येक तालमीत तक्रार समिती असावी. निवृत्तीनंतरचे मानधन केवळ पदकावर अवलंबून न ठेवता मैदानावर घालविलेल्या वर्षांवर ठरावे. कारण हरणारीवाचून कोणतीही कुस्ती होत नाही आणि तिलाही पोट असते. ऊसतोड कामगारांच्या मागण्यांचे निवेदन ज्या कार्यकर्त्यांनी अनेकदा लिहिले आहे, त्यांना हे निवेदन लिहिणे अवघड जाऊ नये. शब्द बहुतेक तेच आहेत.

दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून टोळ्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा कितीतरी चपळ, काटक मुली आईबापांबरोबर शाळा सोडून जातात. त्यांच्यातील एखादी उद्या आखाड्यात उतरेलही. तिला टाळ्या देणारे पुष्कळ भेटतील. कल्याणच्या रस्त्याच्या कडेला तिचे म्हातारपण जाऊ नये, याची तजवीज आजपासून करणारे मात्र आपल्यालाच व्हावे लागेल.