कॅमेऱ्यामागची उतरंड मोडा

नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) शिकत असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. २०१० सालच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. आमची पोरे कॅमेरा हाती घेऊ शकतात, हे सिद्ध झाले. पण कॅमेरा एकट्याने चालत नाही. एकजण फ्रेम लावतो, दुसरा आवाज धरतो, तिसरा लाइट सांभाळतो, चौथा प्रत्येक शॉटची नोंद ठेवतो. एक नोंद चुकली की संकलनाच्या वेळी सगळ्यांची मेहनत वाया जाते.

जातीने कामेच नव्हे, तर काम करणारी माणसेच उतरंडीत विभागली, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये दाखवून दिले. मग विद्यार्थ्यांच्या चित्रीकरणातही केबल ओढायला ठरावीकच मुले का? दिग्दर्शनाची खुर्ची ठरावीक आडनावालाच का? मुलींच्या वाट्याला फक्त वेशभूषा का?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक प्रकल्पात कामे आळीपाळीने द्या. ओझे उचलणाऱ्याने दिग्दर्शन शिकावे, दिग्दर्शकाने ओझे उचलावे. श्रेयनामावलीत प्रत्येकाचे नाव यावे. बांधवांनो, आपल्या मुलामुलींना फक्त पडद्यावर दिसण्यासाठी पाठवू नका. पडदा घडवायला पाठवा!