हा वास बांगड्याचा नव्हे

मालवणच्या मासळी बाजारातून निघालेल्या गाडीत कसला वास येतोय, हे कोणी विचारत नाही. डिकीत थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फावर बांगडे, आणि कट्ट्यावरून कसालला पोचेपर्यंत बर्फ वितळून मॅटखाली झिरपलेलं पाणी. दोन दिवसांनी घरातलं कोणीतरी 'गाडयेक वास मारता' म्हणतं, तेव्हा आरोपी आधीच ठरलेला असतो. पण वायरिंगमधला एखादा कनेक्टर सैल होऊन तापला, की त्याचं प्लास्टिक कधी कधी मासळीसारखाच वास सोडतं. अनुभवी वायरमन हा वास ओळखतात. किनाऱ्यावरच्या नाकाला मात्र त्यात वावगं काहीच वाटत नाही.

मग डॅशबोर्डवर परफ्यूमची बाटली येते. ही बाटली गाडीतली सर्वांत घातक वस्तू म्हणायला हरकत नाही. बिघाड दिव्यात दिसण्याआधी बऱ्याचदा वासात कळतो, आणि बाटली तेवढंच झाकते.

आंबोलीचा घाट घ्या. बाराशे किलोची गाडी ६०० मीटर खाली आणायची, तर जवळपास ७० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. साधं पाणी घेतलं तर २४ लिटरला उकळी आणण्याइतकी ती उष्णता. गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून पाय ब्रेकवर दाबून धरला, तर यातली बरीचशी पॅड आणि डिस्कवर येते आणि दाणोलीपर्यंत चाकांशी करपट वास सुटतो. तेव्हा गाडी बाजूला घेऊन ब्रेक निवू द्यावेत. तापल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नये, ती वाकडी होऊ शकते. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम इंजिनालाच ब्रेक करून टाकतो. करपट वास चढावरही येतो, पण तो क्लचचा. पावसाळ्यात रविवारी धबधब्यापाशी वाहनांची रांग लागते आणि अर्धा क्लच दाबून गाड्या इंच-इंच सरकतात, तेव्हा जळलेल्या कागदासारखा वास आत शिरतो. इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी तितकी ओढत नाही, ही त्याची दुसरी खूण.

सपाट रस्त्यावर, देवबाग-तारकर्लीच्या बाजूला ब्रेकचा वास आला तर कारण वेगळं असतं. खाऱ्या वाऱ्याने कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात, हँडब्रेकची केबल मागे येत नाही, आणि एक चाक सतत घासत राहतं. थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न टेकवता फिरवून बघावा. एकाचीच धग जास्त लागली तर चोर सापडला.

गोडसर, पाकासारखा वास कूलंटचा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, म्हणून गळती दिसली तर कुत्र्यामांजरांना लांब ठेवायचं. पण इथे एक घोळ आहे. कूलंट महाग म्हणून अनेक जण रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी भरतात. पाणी गळलं तरी गोड वास येत नाही. आतून गंज चढतो तो वेगळाच, आणि तापमानाचा काटा वर गेल्यावरच मालकाला जाग येते. वासाची ही सूचना पैसे वाचवायला आपणच काढून टाकलेली असते.

सडक्या अंड्यांचा वास आला की पूर्वी पेट्रोलमधल्या गंधकाकडे बोट दाखवता येत असे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आली. त्यामुळे आता आधी बॅटरी बघणं शहाणपणाचं. ती जास्त चार्ज होत असेल तर हायड्रोजनही सुटतो, तेव्हा जवळ काडी ओढायची नाही. पेट्रोल किंवा सीएनजीचा वास आला तर मात्र विचार करत बसू नये. गाडी बंद करावी आणि सगळ्यांनी उतरावं.

नाकालाही मर्यादा आहेत. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं जिवावर बेतू शकतं. शिवाय नाक काही मिनिटांत वासाला सरावतं. ड्रायव्हरला काहीच जाणवत नाही, आणि वाटेत बसलेल्या आजी 'काहीतरी जळतासा वाटता' म्हणतात. अशा वेळी आजींचं ऐकावं.

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत रस्त्यावरची चिन्हं विचारतात. वासाची चिन्हंही विचारली तर बिघडणार नाही. गॅरेजवाल्यांनीही सीटवर स्प्रे मारण्याआधी गिऱ्हाइकाला विचारावं: वास चढावर येतो की उतारावर, एसी लावल्यावर की गाडी थांबल्यावर, आत की बाहेर?

राहिला बांगडा. मासळीचा वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइनचा. ते अल्कधर्मी, म्हणून आंबटाने मरतं, जसं तिखल्यात कोकम घातल्यावर. डिकीची मॅट काढून पातळ व्हिनेगरने पुसावी (कोकमाचा डाग जात नाही) आणि उन्हात वाळवावी. त्यानंतरही, मासळी न आणता, हेडलाइट किंवा एसी लावला की तोच वास आला, तर स्विच बंद करून फ्यूज बॉक्सचं झाकण उघडायला सांगावं.